बटण नसलेला कोट

मालगाडीच्या डब्यावरचा सात बघून तो त्यानंच रंगवलाय हे ओळखता यायचं, असा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्यांना पेंटरभाऊ म्हणायचो. भुसावळच्या यार्डात ते डब्यांवर नंबर घालत. आकड्याची उंची, जाडी, जागा, सगळं ठरलेलं. पण सातच्या पायाला ते केसाएवढा बाक देत. यार्डाच्या साहेबानं हटकलं तेव्हा आपल्या अहिराणीत म्हणाले, "नंबर रेल्वेना शे, साहेब. वळण तेवढं मनं." म्हणजे माझं.

मी तेव्हा जळगावच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो आणि मुलांच्या पानावर 'वाटाड्या' ही मालिका लिहायचो. सातपुड्यात चुकलेल्यांना घरी पोचवणारा एकटा माणूस, एवढंच ते पात्र. ती मुलांसाठी होती, पण पेंटरभाऊंचं कार्ड दर आठवड्याला यायचं. "मागच्या भागात कंदील फुटला होता. या भागात पेटला कसा?" मी हसून कार्ड खणात टाकायचो.

मूळचे दोंडाईचाकडचे, भुसावळला एका खोलीत एकटे राहत. एकदा त्यांच्याकडे गेलो, तर फळीवरून धूळ बसलेला दुसरा पेला काढून पुसला आणि चहा ओतताना म्हणाले, "आज दुसरा पेला निंघना." मग तासभर वाटाड्याबद्दल बोलले, जणू तो आत्ताच बाहेर गेलाय.

दिवाळी अंकासाठी आम्ही स्पर्धा काढली : वाटाड्याला नवा पोशाख द्या. पोशाख मनाला येईल तसा, पण माणूस मूळचाच राहिला पाहिजे. निवडलेलं चित्र मुखपृष्ठावर येणार होतं. निवड माझ्याकडे होती. पेंटरभाऊंनी घोंगडीच्या कापडाचा लांब कोट काढला होता. आडवा गुंडाळून कमरेशी एका हुकात अडकवलेला. एकही बटण नाही, डावा हात बाहीत. खाली लिहिलं होतं, 'कापड आपलं, माणूस त्याचा.' मी मागं लाल पेन्सिलीनं शेरा मारला : "मूळ पात्राशी विसंगत. वाटाड्या बटणांचा सदरा घालतो. हात चितारता येत नसल्याने लपवला आहे."

ते आपल्या सुट्टीच्या दिवशी चित्राचं काय झालं ते विचारायला कचेरीत आले. चित्र उलटून शेरा दोनदा वाचला.

"अकरावा भाग, साहेब. अस्वलनी डावा हातना अंगठा लिधा. मंग तो बटन कसा लावई?"

आणि उजव्या हातात वाटाड्याचा कंदील आहे असं धरून, स्वतःचा डावा अंगठा तळव्यात दुमडून ते सदऱ्याचं बटण लावून दाखवू लागले. ते काही लागेना. कंपोझिटर म्हणाला, "पेंटरभाऊ, अंगठा काय गहाण टाकला?" तेही हसले, पण प्रयत्न सोडला नाही.

मला तो भाग आठवत नव्हता. तरी म्हणालो, "भाऊ, वाटाड्या मी लिहितो. मला माहीत नसेल?"

त्यांनी अंगठा सरळ केला. "लिखणारा तुम्ही. तुम्ही म्हणशात तेच खरं." बटण उघडंच ठेवून ते निघून गेले.

ते गेल्यावर मी फाइल काढली. अकरावा भाग. अंगठा गेला होता, माझ्याच शब्दांत. पुढच्या भागांत मी तो विसरलो होतो आणि वाटाड्याकडून खुशाल ढोलही वाजवून घेतला होता. मुखपृष्ठ छापायला अजून दोन दिवस होते. मी फाइल जागेवर ठेवली. अंकावर जरीच्या अंगरख्यातला, राजपुत्रासारखा वाटाड्या आला.

त्यानंतर मी त्याहून वाईट केलं. दोन महिन्यांनी मालिकेत वाटाड्याला तोच घोंगडीचा कोट घातला. कल्पना छान आहे, अशी पत्रं आली. भुसावळहून मात्र कार्ड आलं नाही. हा कोट कुठून आणला, एवढं तरी ते विचारतील म्हणून मी टपालाची वाट पाहत असे.

मालिका संपली, साप्ताहिकही बंद पडलं. मग कधीतरी धीर करून त्यांच्या खोलीवर गेलो. तिथं दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, ते रिटायर होऊन गावी गेले आणि तिकडेच वारले. "तुमचा अंक शेवटपर्यंत घ्यायचे. वाचला की कार्ड लिहीत बसायचे. पण पेटीत टाकत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, लिखणारानी नको सांगं. लिहिणाराच नको म्हणाला म्हणे."

आता राहतो त्या पाचोऱ्याच्या फलाटावर मालगाडी थांबली की मी अजून डबे बघतो. ते नंबर केव्हाच पुन्हा रंगवले गेले असणार. सगळे सात सरळ आहेत. घरी सकाळी सदरा घालताना कधी कधी डावा अंगठा दुमडतो आणि त्या एका हातानं बटण लावून बघतो. लागत नाही.