ठकूच्या कार्डावरचं वजन

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ बोललो असतो का? ती जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे आता 'हो' म्हणायला काय जातंय — पण नसतोच बोललो. तुमची आणि माझ्या ताईची गाठ पडायची नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

गोष्ट एका मांजरीची आहे. हसलात? हसा. मीही हसायचो, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अकोल्याला राहायची. भाऊजी गेल्यावर घरात ती आणि ठकू, दोघीच. ठकू म्हणजे करड्या रंगाची, पांढऱ्या पायांची मांजर; घराबाहेर कधी पाऊल न टाकलेली. पुढे ताईचे गुडघे गेले आणि मुलगा तिला बंगळुरूला घेऊन गेला. सुनेला मांजराच्या केसांनी दम लागतो, म्हणून सहा वर्षांची ठकू अमरावतीला माझ्या फ्लॅटवर आली. सोबत एक टोपली, एक वाटी आणि डॉक्टरचं घडीचं कार्ड — तारीख, लस, वजन, सही. निघताना ताई म्हणाली, "बापू, सालातून एकडाव डॉक्टरले दाखवजो तिले. घरातच राह्यते म्हणून सोडून देऊ नको. मांजर दुखणं लपोते."

मी हो म्हणालो. माझं हो फार लवकर येतं, तो माझा जुना रोग आहे.

पहिल्या वर्षी मी नेलं होतं — म्हणजे निघालो होतो. ठकूला टोपलीत घालताना मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं, ऑटो केला, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे दोन शेळ्या, एक गाय आणि त्यांचे मालक. त्यातल्या एकानं मला ओळखलं. त्याचा पोरगा माझ्या वर्गात होता. म्हणाला, "गुरुजी, मांजरीले काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, नुसती तपासायला आणली. त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. "काईच नाही झालं, तरी आनली?" दोघं हसले. वाईट नाही हसले हो, सहज हसले. मी मात्र त्याच ऑटोनं परत आलो. खाजगी डॉक्टरकडे फोन करून फी विचारली, आणि मनात म्हटलं — धडधाकट मांजरीसाठी एवढे? ताई म्हणाली होती, पैसे तिच्याकडून घे. पण बहिणीकडून मांजरीच्या औषधपाण्याचे पैसे घेईन, तर मी भाऊ कसला? म्हणजे बघा, तिचे घ्यायचे नाहीत आणि आपले काढायचे नाहीत.

मग ताईनं फोनवर कार्डाचा फोटो मागितला.

आता जे केलं ते फक्त माझ्यासारखा मास्तरच करू जाणे. शाळेत आम्हाला टाचणवही लिहावी लागायची — उद्या काय शिकवणार, ते आज लिहायचं. लिहितो कोण? साहेब तपासणीला येणार असं कळलं की दोन-दोन महिन्यांचं टाचण एका बैठकीत उतरवायचं. पान बदललं की पेन बदलायचं, मधेच एक तारीख खोडायची, म्हणजे खरं वाटतं. बत्तीस वर्षांत मी एकदाही सापडलो नाही. उलट माझी वही इतरांना नमुना म्हणून दाखवायचे.

तसंच ठकूचं कार्ड भरलं. काळ्या पेनानं तारीख, निळ्यानं लसीचं नाव — वरच्या ओळीत अकोल्याच्या डॉक्टरनं लिहिलं होतं तेच. वजनाच्या रकान्यात चार किलो. पुढच्या वर्षी चार शंभर. खाली एक गिचमिड सही. ताईचा निरोप आला: 'गुणाचा माझा भाऊ.' चार वर्षं मी हे केलं. चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, चार किलो दोनशे लिहिलं. त्या चार वर्षांत मी ठकूला एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं.

दिसत नव्हतं का काही? दिसत होतं. पाण्याची वाटी दिवसातून तीनदा भरावी लागायची. मी म्हणायचो, आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाणी कोण पीत नाही? ती थंडीतही तेवढंच प्यायची. तोंडाला घाण वास यायचा. घास उचलायची आणि खाली टाकायची. म्हटलं, नखरे आहेत. गॅलरीला जाळी, दाराला कडी, ना कुत्रं ना उंदीर — घरातल्या घरात बसून तिला होणार काय?

गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर ताई चार वर्षांनी पहिल्यांदा भाऊबीजेला आली. ठकू तिला विसरली नव्हती. ताईनं तिला उचललं आणि म्हणाली, "काहून रे इतकी वाळली?" मी म्हटलं, वय झालं. ताईनं मग आपल्या पानातलं तिला भरवायला घेतलं — लसणाची फोडणी दिलेलं वरण आणि भात, बोटांनी मऊ कालवून. तीन दिवस भरवलं. चौथ्या दिवशी ठकू ओकली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

ज्या खाजगी डॉक्टरची फी चार वर्षांपूर्वी विचारली होती, त्यांच्याकडेच मुकाट्यानं गेलो. कार्ड ताईनंच कपाटातून काढून घेतलं होतं. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी कार्ड वाचलं, ठकूला काट्यावर ठेवलं. दोन किलो सहाशे. परत कार्ड पाहिलं. "उन्हाळ्यात चार-दोनशे होती? इतक्यात एवढी उतरली? काही वेगळं खाण्यात आलं का?"

ताईनं वरण-भात सांगितला. डॉक्टर म्हणाले, लसूण मांजरांना चालत नाही. एवढंच म्हणाले. ताईचा ठकूच्या पाठीवरचा हात तिथेच थांबला.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ताई बाहेर बाकावर होती. म्हणाले, "सर, हे चार दिवसांचं नाही. मूत्रपिंडं वर्ष-दोन वर्षांपासून जाताहेत. दात तर मुळापासून सडलेत. मागच्या वेळी कोणी तपासलं हिला? तेव्हाच लक्षात आलं असतं, नुसतं खाणं बदललं असतं तरी काही वर्षं निघाली असती." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "ते डॉक्टर बदली होऊन गेले." इतकं सहज आलं तोंडात! वहीत एक तारीख खोडावी तितकं सहज.

ठकू तिसऱ्या दिवशी गेली, सलाईन चालू असताना. ताई टोपली मांडीवर घेऊन बसली आणि रडत म्हणाली, "माह्याच हातानं मारली रे मी. चार वर्षं तू सांभाळली, अन् मी तीन दिवसांत मारली."

वाक्य काही फार लांब नव्हतं. ताई, मी तिला कधी नेलंच नाही. एवढंच. तोंड उघडलंही मी. आणि म्हणालो, "जाऊ दे ताई, तुला काय माहीत होतं." कळलं का मी काय केलं? मी तिला माफ केलं. जे तिनं केलंच नव्हतं, त्याबद्दल मोठ्या मनानं माफ केलं, आणि तिनं माझा हात धरून ती माफी घेतली.

यालाही आता दोन वर्षं होतील. ताईनं स्वतःच्या पानात लसूण घेणं सोडलं. सुनेला सांगितलंय, व्रत आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सुनेच्या दम्याचं औषध बदललंय, आता तिला त्रास होत नाही. खालच्या मजल्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली, त्यातलं एक सून स्वतः घेऊन वर आली होती — करडं, पांढऱ्या पायांचं. ताई सांगत होती की ते तिच्या पदरात शिरून झोपलं.

"वापस पाठोलं," ती म्हणाली. "माह्या हाताले जीव लाभत नाही, बापू. बरं केलं ना?"

मी म्हणालो, "बरं केलंस, ताई."