पडलं असं लिहा

रिटायर झाल्यापासून दुपारची जेवणं आटोपली की बायको आणि मी टीव्हीवर पोलिसांची एक मालिका पाहतो. नवा साहेब ठाण्यात येतो, आलेली प्रत्येक तक्रार नोंदवायला लावतो, आणि मग वरचे लोक मिळून त्याचा काटा काढायला निघतात. बायकोला तो साहेब फार आवडायचा. मला त्याचा राग यायचा. तसल्याच एका साहेबाच्या हाताखाली मी नोकरी केली होती, आणि त्याचं मी काय केलं हे तिला कधीच कळू दिलं नव्हतं.

आमच्या ठाण्याची एक रीत होती. चोरी झाली म्हणून कोणी आला की आम्ही 'गहाळ' लिहायचो. चोरी लिहिली तर गुन्हा वाढतो, तपास करावा लागतो आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबाची बिनपाण्याने हजामत होते. गहाळ लिहिलं की सगळे सुखी, ज्याचं गेलं तो सोडून. या कामात माझा हात चांगला बसला होता.

नव्या साहेबाने पहिल्याच दिवशी सांगितलं, चोरी म्हणजे चोरीच लिहायची. त्याच आठवड्यात हिंगण्याला पॅकिंगच्या कामावर जाणारी एक बाई आली. कंपनीच्या बसमधून उतरली तशी मोटरसायकलवाल्यांनी तिचं डोरलं ओढून नेलं होतं. मानेवर लाल वळ होता. साहेबाने स्वतः समोर बसून गुन्हा लिहवून घेतला.

असं करत करत दोन महिन्यांत आमचं ठाणं शहरात बदनाम झालं. चोर पहिल्याइतकेच होते, फक्त आता कागदावर आले होते. मीटिंगमध्ये साहेबाला उभं करून झापलं. मग वरून मला बोलावणं आलं. साहेब खोटे गुन्हे नोंदवायला भाग पाडतात, असा जबाब तयारच होता. मी चष्मा पुसला आणि सही केली. मला कोणी धमकावलं नव्हतं. मला फक्त माझं टेबल पहिल्यासारखं हवं होतं.

साहेबाची कंट्रोल रूमला बदली झाली. त्या बाईला मी परत बोलावलं. आता तिच्या मानेवर वळ नव्हता, काळ्या मण्यांचा साधा दोरा होता.

"डोरलं गर्दीत पडलं असं लिहून दे," मी म्हटलं.

"पडलं लिहिलं त भेटन काजी?"

"भेटन."

तिने अगदी वळणदार अक्षरात लिहून दिलं.

परवा मालिकेतल्या साहेबाचीही बदली झाली. त्याच्याविरुद्ध जबाब देणारा हवालदार पडद्यावर चहा पीत होता.

"असल्याच्या घरचं पानीबी पिऊ नये," बायको म्हणाली.

मला हसू आणावं लागलं. "नाटक आहे वं ते. काहून जीवाले लावून घेतं?"

ती टीव्हीकडेच पाहत होती. "ते डोरलंवाली बाई दोन खेपा आपल्या दारावर आली होती. तुम्ही ड्यूटीवर होते. भेटलं का म्हणून विचारून राहिली होती. सगळं सांगतलं तिनं मले."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी तिले पानी देल्लं," बायको म्हणाली. "तिनं नाही पेलं."