एर्मिलो सुताराची गादी
धरणाची दारं उघडली की मेक्सिकोच्या ताबास्को प्रांतातल्या आमच्या वस्तीचं काय होतं, ते एर्मिलो सुताराला पाठ होतं. त्याने वेळेत घरात फळ्यांचं मचाण ठोकलं आणि गादीपासून पातेल्यांपर्यंत सगळं वर चढवलं. शेजारच्या विधवा कासिल्दाची शिलाई मशीनही डोक्यावरून वाहून आणली आणि तिथेच ठेवली. पाणी कमरेएवढं आलं नि ओसरलं. एर्मिलोचं काहीच भिजलं नाही.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. सरकार मदत देणार होतं ती बुडालेल्या सामानाला. गादी बुडाली असेल तर नवी गादी.

"हातावर हात ठेवून बसले त्यांना नवी गादी, आणि आपण शहाणे म्हणून आपल्याला ठेंगा," बायको नेरेइदा म्हणाली. "आपल्या गादीत खड्डा पडलाय. माझी कंबर गेली त्यात. लावा चिखल."

एर्मिलो कधी खोटं बोलला नव्हता असं नाही. सुतारच तो, "उद्या देतो" हे रोजचंच. पण हे वेगळं होतं, आणि ते त्याला कळत होतं. तरी त्याने गादी ओट्यावर टाकली, अंगणातला चिखल बादलीत भरून आणला आणि भिंत लिंपावी तशी ती लिंपली.

सरकारी जाकीट घातलेली पाहणीवाली मुलगी आली. "ही पाण्यात होती?"

 मुलगी गादीची कड उचलायला वाकली, तेवढ्यात कासिल्दा कुंपण ओलांडून आली आणि त्या चिखलाने माखलेल्या गादीवरच फतकल मारून बसली.

"पाय मोडलेत गं माझे. लिही तू, पोरी. या माणसाने माझी मशीन मचाणावर ठेवली, मग याच्या गादीला जागा कुठली उरणार? माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ."

मुलीचे डोळे भरून आले. तिने एर्मिलोचा हात हातात घेऊन दाबला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

नवी गादी आली. नेरेइदा तिच्यावर सुखाने घोरू लागली, एर्मिलो झुल्यात झोपू लागला. शेवटी न राहवून तो कासिल्दाकडे गेला. ती त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे.

"कोमाद्रे, तुम्ही माझ्यासाठी शपथ घेतलीत. पण ती गादी..."

"कोरडी होती," मशीन न थांबवता ती म्हणाली. "नदी खालून चढते, कोंपाद्रे. तुम्ही चिखल फासलात वरून. खालची बाजू कोरडी ठणठणीत. पोरीने उचलून बघितली असती तर? म्हणून तर बसले."

"आणि शपथ?"

"माझ्या नवऱ्याशी माझं मी बघून घेईन." तिने दाताने दोरा तोडला. "मशीनचे उपकार होते डोक्यावर. फिटले आता."

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं. मशीन उचलताना उपकार वगैरे त्याच्या मनातही नव्हतं. आयुष्यात सांगण्यासारखं एक काम हातून झालं होतं, आणि ते त्याने एका गादीपायी विकलं होतं.