पोळीशिवाय पुरण

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीचा गहू बंद केला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या पाठची ती, तेव्हा चौथीत होती. पोट सतत बिघडलेलं, तोंड आलेलं, रक्त कमी, आणि अंगानं मात्र गोल गरगरीत. रोगाचं नाव सिलिअ‍ॅक. ते आमच्या गल्लीत कुणाला म्हणता येईना आणि कुणाचा त्यावर विश्वासही बसेना. कोल्हापुरात आजारी माणूस वाळलेला असावा लागतो. त्यातून पोरीला अशक्तपणा आहे म्हटल्यावर जो तो खपली गव्हाची खीर घेऊन यायचा. भाकरी रोजची, गहू लाडाचा. नेमका तो लाडच तिला बाधत होता.

डॉक्टरांनी आईला बजावलं, गव्हाचा कणही नको आणि वजनही वाढू देऊ नका. पुन्हा आजारी पडली असती, तर तिचं शाळेचं वर्ष बुडालं असतं.

अशात होळी आली आणि आम्ही दोघी उचगावला आत्तीकडे गेलो. आत्तीचे यजमान, आमचे मामा, तालमीतले. त्यांनी बहिणीचा दंड दाबून पाहिला.

"ही आजारी? हिला खासबागेच्या कुस्तीत उतरवा की."

आत्तीनं तिच्या ताटात पुरणपोळी वाढायला घेतली.

"आत्ती, मला गहू बंद हाय."

"गहू बंद असंल. पोळी कुठं बंद हाय? आन् नैवेद्याची पोळी कुणाला बाधत न्हाय."

माझं शहाणपण सगळं पुस्तकातलं, आत्तीपुढे त्याची डाळ शिजत नसे. बहिणीनं ताटावर हात आडवा धरला.

"आत्ती, देवाला आवडतं ते काय? कणीक का पुरण?"

"पुरणच की."

"मग नैवेद्य म्हंजे पुरण. कणीक नुसतं झाकण हाय. मला झाकण नको."

मामांना हसता हसता ठसका लागला. "वकील हाय की गं ही," म्हणत आत्ती उठली आणि अजून पोळीत न भरलेलं पुरण वाटीत भरून, वर तूप सोडून घेऊन आली. मग दुसरी वाटी आली, मग तिसरी. वजनाचं काय ते त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

पोट बिघडलं नाही. वर्ष वाचलं. पुढच्या तपासणीला काट्याकडे बघून डॉक्टर आईला म्हणाले, "गहू सुटलेला दिसतोय. बाकी काहीच सुटलेलं दिसत नाही." बहीण भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी होती. आत्तीनं मात्र गावभर सांगितलं, पोरगी नैवेद्यानं बरी झाली. तेव्हापासून दर होळीला पोळ्या लाटायच्या आधी बहिणीचं पुरण बाजूला निघू लागलं.

आत्ती आणि मामा केव्हाच गेले. यंदा बहीण गेली. त्या दिवशी जेवायला बसलेल्यांपैकी आता मी एकटी आहे.