लाल ट्रॅक्टरचे तात्या

पुण्याजवळच्या भरे गावात खोली बघायला गेलो, त्या दिवशी घरमालकांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. जातही विचारली नाही, जी त्या आठवड्यात बाकी सगळ्यांनी आडून आडून विचारली होती. ओट्यावर बसून ते गुडघा चोळत होते. वर न बघताच म्हणाले, "लाल का निळा?"

मला वाटलं, गावातलं राजकारण असावं. मी लातूरकडून नोकरीसाठी आलेला, पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून. परक्या गावात झेंड्यांच्या भानगडीत पडू नये एवढी अक्कल होती. म्हणालो, "आपलं असं काही नाही."

"कायतरी आसंलच की. घरी टॅक्टर कंचा हाय?"

"घरी ट्रॅक्टर नाही."

"मामाच्या?"

मामाच्या घरी होता, आणि नशिबाने लाल होता. खोली मिळाली. पुढे एकदा काकी, म्हणजे त्यांच्या बायको, मला म्हणाल्या, "निळा सांगितला आसता तरी दिली आसती वो. पर पान्याची मोटार लावायला तुमाला रोज चार हाका माराया लावल्या आसत्या."

तर हे तात्या. आता ते नाहीत. पण आजही रस्त्यावर लाल ट्रॅक्टर दिसला की मला त्यावर ते बसलेले दिसतात, एक पाय मडगार्डवर आणि डोक्यावरचा टॉवेल घसरलेला. भाताची खाचरं होती, चार खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, खायची ददात नव्हती. तरी मी त्यांना ताजेतवाने कधी पाहिलं नाही. सकाळी चहा घेतानाही "दमलो" म्हणायचे. मी पाळी संपवून बसला लोंबकळत आलेला असायचो. मग दोन दमलेली माणसं ओट्यावर बसायची. त्यांच्या थकव्याचं कारण समोरच्या उतारावर उभं असायचं.

त्यांच्या वडिलांनी बैल विकून तो लाल ट्रॅक्टर आणला होता. माझ्या वेळेपर्यंत त्याचा स्टार्टर कायमचा गेला होता. म्हणून तो नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभा करायचा, चाकाखालचा दगड काढायचा आणि घरंगळत चालू करायचा. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. एखादा वॉशर गेला तरी तात्या बसने पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे, दिवसभर भंगार उपसायचे आणि संध्याकाळी पिशवीत तेलकट तुकडा घेऊन लंगडत यायचे. मी एकदा विचारलं, "तात्या, एवढा जीव का टाकता? त्या कंपनीने तुम्हाला काय दिलं?"

"काय दिलं म्हून केलं तर त्येला हिशोब म्हनत्यात," ते म्हणाले. "इमान म्हनत न्हाईत."

गावात दोन तट होते. एका कंपनीचे ट्रॅक्टर लाल, दुसरीचे निळे. कंपन्यांची नावं कोणी घ्यायचं नाही, रंगावर भागायचं. एरवी सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. भातलावणीआधी चिखलणीच्या दिवसांत कोणाच्याही खाचरात कोणाचाही ट्रॅक्टर उतरायचा. पण चैत्रातल्या भैरवनाथाच्या जत्रेत सख्खे भाऊ रस्त्याच्या दोन बाजूंना बसत. तिथे रिव्हर्सची शर्यत असायची. देवळामागच्या माळावर चुन्याच्या रेघा मारून वाकडीतिकडी वाट आखायची, दोन्ही कडांना झेंड्या रोवायच्या आणि ट्रॅक्टरने ट्रॉली उलटी ढकलत तिच्यातून न्यायची. झेंडी पडली की बाद. जो लवकर पोचेल तो जिंकला.

सांगायला सोपं आहे. ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. त्यात चारचाकी ट्रॉली असली तर सांधे दोन, म्हणजे उलट्याचंही उलटं. भलेभले ड्रायव्हर तिथे घामाघूम व्हायचे. तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीतून निघालेलं होतं. "म्होरं कुनीबी जातंय," ते म्हणायचे, "गाढवबी जातंय. मागं येऊन दाखव." हे ते ट्रॅक्टरबद्दल म्हणायचे, मेव्हण्याबद्दल म्हणायचे आणि एकदा पंतप्रधानांबद्दलही म्हणाले.

शर्यतीचं बक्षीस एक पितळी हंडा. त्याचं कोणाला काही नव्हतं. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची. हरलेल्या तटाच्या म्होरक्याने जिंकलेल्याच्या दारी जायचं, ट्रॅक्टरचं पुढचं चाक धुवायचं, कुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. खोबरं दोन्ही तटांनी खायचं. मग पुढच्या चैत्रापर्यंत भांडण मिटलं. लाल तटाचे म्होरके तात्या. हरल्यावर ते तोंड पाडून जायचे, पण जायचे. "नारळ फोडला न्हाई तर खोबरं कुटनं खानार?" हेही त्यांचंच.

लाल रंगाचं त्यांना इतकं वेड होतं की हसावं का रडावं कळत नसे. मुलीच्या लग्नात नवरदेवाकडची मंडळी निळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. तात्यांनी व्याह्यांची गळाभेट घेतली, आणि तो ट्रॅक्टर गवताच्या गंजीमागे नेऊन मांडवाच्या उरलेल्या कापडाने झाकून ठेवला. मी जुनी निळी स्कूटर घेतली तेव्हा दोन दिवस ती फाटकाबाहेर उभी होती. तिसऱ्या दिवशी पाहतो तर पुढच्या मडगार्डवर लाल ऑइलपेंटचा जाडजूड पट्टा. "आता आन आत," तात्या म्हणाले. तोवर माझं लग्न झालं होतं; बायको चार दिवस माझ्याशी त्यावरून भांडली, तात्यांशी मात्र नाही.

हळूहळू गाव बदलत गेलं. जमिनी विकल्या गेल्या. पोरांनी ट्रॅक्टर काढून उंच उंच पांढऱ्या गाड्या घेतल्या. तात्या ओट्यावरून त्या जाताना बघत राहायचे. "पांढरा ह्यो काय रंग हाय?" म्हणायचे. "कंचाच न्हाई म्हून घेतलेला." जत्रेत लाल बाजूची माणसं दरवर्षी कमी होत होती. निळ्यांकडे निदान पिरंगुटचं शोरूम तरी होतं, नवे ट्रॅक्टर मिळायचे. लालकडे शेवटी एकच उरला, उतारावरचा.

आणि त्याच शोरूममध्ये तात्यांच्या मुलाला, दत्ताला, नोकरी लागली. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर चालवून दाखवायचा. दत्ता फार गोड पोरगा, बापासारखाच कमी बोलणारा. त्याला रिव्हर्स तात्यांनीच शिकवला होता. स्वतः ट्रॉलीच्या मागे उभं राहून, तोंडाने एक शब्द न काढता, नुसत्या हाताने. लोक म्हणायचे, त्या दोघांमध्ये दोरी बांधल्यासारखी ट्रॉली येते.

जत्रेच्या आधी एका संध्याकाळी मी ओट्यावर होतो तेव्हा दत्ता आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"तात्या, मालक म्हनत्यात, यंदा जत्रंला आपली गाडी तू काढ."

"आपली कंची?"

"निळी."

तात्या गुडघा चोळत राहिले. "मंग काढ की."

"नोकरी हाय, तात्या."

"मी कुटं न्हाई म्हनलं?"

दत्ता आत गेला. मला वाटलं, चला, निभावलं. काकी मात्र ओटीवर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं.

लाल बाजूला ड्रायव्हरच नव्हता. म्हणून त्या चैत्रात साठी उलटलेले तात्या स्वतः ट्रॅक्टरवर चढले. समोर मुलगा निळ्यावर. सगळा माळ हसत होता, शिट्ट्या वाजत होत्या. दत्ताचा नंबर आधी होता. तो सुरेख गेला, एक झेंडी हलली नाही. त्याने उतरून आधी बापाकडे पाहिलं. तात्या दुसरीकडे बघत होते.

मग तात्या निघाले. मी त्यांना चालवताना तसं कधी पाहिलं नव्हतं. मान वळवलेली, डावा हात मडगार्डवर, आणि चारचाकी ट्रॉली पाळीव जनावरासारखी मागे सरकत होती. रस्त्यापलीकडचे निळेसुद्धा गप्प झाले. अर्धी वाट पार झाली आणि मधल्या वळणावर इंजिन आचके देऊन बंद पडलं.

माळ सपाट होता. स्टार्टर नव्हता, उतार नव्हता. तात्या स्टेअरिंग धरून बसून राहिले. तेव्हा गर्दीतून सगळ्यात आधी दत्ता धावत आला आणि ढकलायला लागला. त्याच्यामागे निळ्यांची आठ-दहा पोरं आली. आठवतं तसं हसत कोणीच नव्हतं, सगळे आपलेपणानेच ढकलत होते. तेच वाईट झालं. निळ्यांच्या हातांनी लाल ट्रॅक्टर माळाबाहेर काढला गेला.

जिंकलेल्या दत्ताचं दार म्हणजे तात्यांचंच दार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निळे शोरूमचा ट्रॅक्टर घेऊन चावडीपाशी थांबले होते. काकींनी नारळ आणून ठेवला होता. तात्या अंथरुणातून उठले नाहीत. "अंगात कनकन हाय," म्हणाले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, अंग थंड होतं. दुपारी निळ्यांनी ट्रॅक्टर परत नेला. दत्ता रिकाम्या हाताने घरी आला, आणि काकींनी तो नारळ ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून दिला.

"हारवलं त्याचं काय न्हाई," तात्या मला बऱ्याच दिवसांनी म्हणाले. "पोरगं हाय, हारवनारच. ढकलाया कशापायी आलं?"

मुलाने पुढे होऊन ढकललं हे मला चांगलं वाटलं होतं. तात्यांच्या जागी बसून पाहिलं की वाटत नाही.

बापलेकांचं बोलणं तुटलं असं म्हणता येणार नाही. "मीठ दे", "दार लाव" एवढं चालू होतं. पावसाळ्यानंतर दत्ताने पिरंगुटमध्ये खोली घेतली, कामाला जवळ पडतं म्हणून. चार खोल्या भाड्याने देणाऱ्याचा मुलगा भाड्याच्या खोलीत राहायला गेला. काकी दर आठवड्याला भाकरी बांधून बसने तिकडे जायच्या. निघताना तात्या विचारायचे, "कुटं चाललीस?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचे, "चटनी घे संगं."

चूक दुरुस्त करायची म्हटलं तर पुढची जत्रा होती. पण पुढच्या चैत्रात त्या माळाला पत्रे ठोकलेले होते, आतमध्ये इमारतीचं खोदकाम चाललं होतं. पालखी निघाली, तमाशा झाला, शर्यत झाली नाही. त्यानंतरही कधी झाली नाही. आता हरणं नाही, जिंकणं नाही, मग नारळ कशाला आणि कोणाच्या दारी फोडणार? तो कोनाड्यात होता तिथेच राहिला. काकी दिवाळीला कोनाडा सारवायच्या, नारळ उचलायच्या आणि परत ठेवायच्या. तात्या त्याच्याकडे बघत नसत. खरं सांगायचं तर त्या घरात मलाही थकल्यासारखं व्हायला लागलं होतं.

मग लाल ट्रॅक्टरचं इंजिनच जाम झालं. दगड काढला तरी चाक हलेना. तात्या दोनदा जुन्या बाजारात जाऊन आले आणि तिसऱ्यांदा गेले नाहीत. एका रविवारी ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "देऊन टाकतो भंगारात. दमलो."

भंगारवाला म्हणाला, पिरंगुटपर्यंत ओढून आणा. आता ओढायचं कशाने? गावात ट्रॅक्टर उरले होते ते सगळे निळे. काकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दत्ताला सांगा." मी सोमवारी कामावर जाताना शोरूमवर थांबलो.

पुढच्या सुट्टीला दत्ता निळा ट्रॅक्टर घेऊन आला. गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. त्याला रस्त्यापासून दारापर्यंत उलटंच यायचं होतं. तात्या ओट्यावरून उठले, हळूहळू उतरले आणि लाल ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी हात वर केला. एक शब्द नाही. बोटं जराशी उजवीकडे गेली की निळा ट्रॅक्टर उजवीकडे सरकायचा, तळवा उघडला की थांबायचा. दत्ता मागे वळून फक्त तो हात बघत होता. दोन्ही ट्रॅक्टर वीतभर अंतरावर आले तेव्हा तात्यांनी मूठ मिटली.

दत्ता साखळी अडकवायला उतरला. "थांब," तात्या म्हणाले आणि घरात गेले. आले ते हातात तांब्या, कुंकवाचा करंडा आणि कोनाड्यातला नारळ घेऊन. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, निळ्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक धुतलं, कुंकू लावलं आणि दगडावर नारळ आपटला. पाण्याचा थेंब निघाला नाही. आतमध्ये खोबऱ्याचा वाळलेला गोटा होता.

दत्ताचे डोळे भरले होते. तरी हसून म्हणाला, "तात्या, लई येळ लावला मागं यायला."

तात्यांनी गोटा फोडून त्याच्या हातावर तुकडा ठेवला. "चारचाकी ट्रॉली हाय बाबा," ते म्हणाले. "येळ लागतोय."

मग एक तुकडा काकींना दिला, एक मला. खोबरं जरासं खवट झालं होतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं.