कपाची वेळ संपली आहे

हॉस्पिटलसमोरच्या त्या रेस्टॉरंटात शीतपेयांच्या कोपऱ्याची मालकीण एकच होती, आणि तिच्या मालकीचं तिथे पुसायचं फडकंसुद्धा नव्हतं. टेबलं पुसणं, ट्रे उचलणं, यंत्रात बर्फ टाकणं, सिरपचे खोके बदलणं, तोट्या काढून गरम पाण्यात भिजत घालणं ही तिची कामं. सगळे तिला तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठीमागे हवालदारीण. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

कारण ते कमावलेलं होतं. कप एकदा विकत घेतला की हवा तितक्या वेळा भरून घ्या, असा तिथला नियम. भिंतीवर हातभर अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. आता फुकट म्हटलं की माणसाला तहानही जरा जास्तच लागते. एका कपावर अख्खं कुटुंब जेवण उरकायचं. कोणी टेबलाखाली पिशवीतली बाटली भरायचं. एकदा तर एक सुटाबुटातले गृहस्थ कोटाच्या आडोशाने थर्मास भरत होते. ही फडकं घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? इकडे ठेवा, मी झाकण धरते." गृहस्थ थर्मास तिथेच सोडून गेले, आणि तो न्यायला पुन्हा कोणी आलं नाही.

पण त्याच नजरेला दुसरंही दिसायचं. समोरच्या हॉस्पिटलात ज्यांचं माणूस आत ऑपरेशनला नेलेलं असे, ते तिथल्या बाकावर बसवेना की रस्ता ओलांडून इकडे यायचे. एक कप घ्यायचा, हॉस्पिटलचं दार दिसेल अशी खिडकीजवळची जागा धरायची आणि फोन उलटा-सुलटा करत बसायचं. असं माणूस कप समोर ठेवून पार विसरून जातं. मग अचानक घसा कोरडा पडला की दचकून उठतं. अशांना हवालदारणीने कधी हटकलं नाही. उलट त्यांचा कप ती स्वतःच विसळून, थंड पाणी भरून समोर ठेवायची आणि काही न बोलता पुढचं टेबल पुसायला लागायची. काय बोलणार? सांत्वनाची भाषा तिला येत नव्हती, पाणी देता येत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला. जुनं यंत्र गेलं, नवं आलं. त्याला दाराएवढा पडदा आणि कपाच्या बुडाला एक चिप. काउंटरवर कप विकत घेतला की चिप जागी व्हायची, तोटीखाली कप धरला की यंत्र तो ओळखायचं आणि पेय द्यायचं. तास उलटला की ओळख विसरायचं. मग पडद्यावर लाल अक्षरं यायची: ‘या कपाची वेळ संपली आहे. कृपया नवीन कप घ्या.’ भिंतीवरची ‘हवं तितकं प्या’ ही हातभर अक्षरं मात्र तशीच राहिली. फक्त त्यांच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ असं आलं. मुंग्या कोण वाचतो?

बरं, वाचवलं काय यांनी? साखरेचं पाणी! त्यात वारा फुंकलेला आणि वरून बर्फ. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसा आतल्या पेयापेक्षा तो चिपवाला कपच महाग पडत असणार. दात कोरून पोट भरायला निघालेली माणसं ही, आणि कोरायला दातसुद्धा दुसऱ्याचे घेतलेले. तेही चाललं असतं. शीतपेय नाही प्यायलं म्हणून कोणी मरत नाही. पण साधं पाणीसुद्धा त्याच यंत्रातून येत होतं, आणि यंत्राला पाण्याचीही तीच मुदत लावलेली होती. पूर्वी काउंटरवर पाण्याच्या बाटल्या मिळायच्या, त्या बंद केल्या, कारण कप जास्त फायद्याचा. उरला हात धुवायचा नळ. त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी, आणि ती मात्र खरी होती.

लोक चिडले, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ऑफिसातली माणसं ऑफिसात बसलेली, यंत्राला कान नाहीत, मग समोर सापडते कोण? फडकेवाली. "एवढं मोठं हॉटेल आणि पाण्याला महाग केलंत होय?" असं एक म्हातारे गृहस्थ तिच्या अंगावर ओरडले. त्यांच्या मनगटावर हॉस्पिटलची पट्टी होती, गणवेशातल्या बाईशिवाय दुसरं कोणी त्यांना दिसत नव्हतं. ती "हो काका" म्हणाली. काकांचं चुकलं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

यंत्राबरोबर एक कप मात्र वेगळा आला होता. पिवळा. तोट्या धुऊन परत बसवल्या की पेय नीट येतंय का, साबणाचा वास तर राहिला नाही ना, हे बघायला तो तोटीखाली धरायचा. त्याला मुदत नव्हती. तो हवालदारणीच्या ताब्यात होता, फडक्यांच्या कप्प्यात. त्या काकांना तिने पहिल्यांदा त्या पिवळ्या कपातलं पाणी त्यांच्या कपात ओतून दिलं. मग ज्याला ज्याला लाल अक्षरं दिसायची आणि ज्याच्या चेहऱ्यावर खिडकीबाहेरचं ते दार दिसायचं, त्याला त्याला दिलं. लपूनछपून नाही, सगळ्यांच्या देखत. तिचा हिशेब साधा होता. पोछा किती वेळा बादलीत बुडवला हे कोणी मोजतं का? मग साफसफाईचा कप कोण मोजणार? हा हिशेब तिच्यासारख्या बाईच्याच डोक्यात यावा असा होता, आणि तो साफ चुकला. यंत्र मोजत होतं. पोछ्याला चिप नव्हती, एवढंच.

मॅनेजरने तिला आतल्या खोलीत बोलावलं. हा मॅनेजर पूर्वी तिच्या हाताखाली ट्रे उचलायला होता. पहिल्या आठवड्यात त्याने बर्फाची बादली पायावर पाडून घेतली होती, तेव्हा अंगठा बांधून देणारी हीच. अजूनही तो तिला अहो-जाहो करायचा, आणि ती एकांतात त्याला अरे-तुरे. त्याने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर उंचच उंच पिवळी रेघ होती.

"मावशी, हा तुमच्याकडचा कप."

"पाणी दिलं रे मी. पेय नाही दिलं कोणाला."

"ते दिसतंय इथे. पाणी वेगळं दाखवतं ते."

"मग झालं तर."

"झालं नाही ना. वर ऑफिसात ते पाणी वगैरे बघत नाहीत. जेवढ्या वेळा हा कप भरला, तेवढे कप विकले गेले नाहीत, असं धरतात."

"म्हणजे, जे कप लोकांनी घेतलेच नाहीत, ते मी चोरले?"

"मी नाही म्हणत, मावशी. ते म्हणतात."

"आणि तू काय म्हणतोस?"

त्याने टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. मग सांगितलं, की ऑफिस तिला काढायलाच निघालं होतं, त्यानेच रदबदली केली. उद्या शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर तिने म्हणायचं, माझ्याकडून चोरी झाली, पुन्हा होणार नाही. त्याचा व्हिडिओ वर पाठवायचा. कंपनीच्या इतर रेस्टॉरंटांतल्या लोकांनाही तो दाखवणार होते. पिवळा कप त्याने तिथेच मागून घेतला आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

चोर पकडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला चोर म्हणायचं, आणि तेही तिच्याच तोंडून! ज्यांनी तहानेला कुलूप लावलं ते साव आणि जिने ओंजळभर पाणी दिलं ती चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसलेला. तिला पगार जाण्याचं, काम जाण्याचं भय होतंच. पण घरी जाताना सगळ्या वाटेवर तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. आजवर तिच्या पर्सला, पिशवीला, कप्प्याला कोणी हात लावून बघितला नव्हता. ‘तिच्याकडे दे, सोन्यासारखं राहील’ असं तिच्याबद्दल बोललं जायचं. तिची कमाई म्हणाल तर तेवढीच होती.

नवरा रंगारी. शिडीवरून पडून कंबर मोडून घेतल्यापासून घरीच होता. संध्याकाळी तिने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "अगं, बोलून टाक. शब्दाला काय वजन असतं?"

"मग त्यांना तो एवढा कशाला हवाय?"

तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "मला अजून शिडी चढता येत नाही गं." तिने मान हलवली. त्याला दोष देण्यात काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, सगळे काउंटरपुढे उभे राहिले. तळणीवाला, गल्ल्यावरची मुलगी, बाकीचे. मॅनेजरने फोन धरला. ती बोलली. माझ्याकडून चोरी झाली. पुन्हा होणार नाही. गल्ल्यावरची मुलगी जमिनीकडे बघत होती. मॅनेजरने फोन कानाला लावून व्हिडिओ ऐकला आणि म्हणाला, "मावशी, आवाज नीट नाही आला. परत एकदा, जरा मोठ्याने." म्हणून तिने ते परत एकदा, जरा मोठ्याने म्हटलं. मग दार उघडलं, आणि तिने नेहमीसारखा यंत्रात बर्फ टाकला.

दुपारी खिडकीपाशी एक बाई बसली होती. सकाळी एक कप घेतलेला, तो केव्हाच रिकामा. अचानक तिने छातीवर हात दाबला, ब्लाउजमधून कागदाची पुडी काढली, गोळी तळहातावर घेतली आणि कप घेऊन यंत्रापाशी आली. यंत्राने लाल अक्षरं दाखवली. तिने कप पुसून पुन्हा धरला. पुन्हा लाल अक्षरं.

"ताई, हे काय म्हणतंय?" तिने हवालदारणीला विचारलं. "माझी पर्स मुलीजवळ आहे, समोर हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. गोळी घ्यायचीय हो मला फक्त."

स्वयंपाकघरातून पाण्याचा एक थेंबही बाहेर आणायचा नाही, हे तिला सकाळीच बजावलेलं. पिवळा कप कुलुपात. मॅनेजर काउंटरच्या मागे उभा राहून बघत होता, आणि कॅमेरे तर होतेच. तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, त्या बाईला खुर्चीवर बसवलं, कप्प्यातून आपले पैसे काढले आणि गिऱ्हाइकांच्या बाजूने, काउंटरसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या दोघांनी गणवेश बघून तिला वाट दिली.

गल्ल्यावरची मुलगी गोंधळली. मॅनेजर तिला बाजूला करून स्वतः पुढे झाला. "मावशी, काय चाललंय हे? कामावर असताना..."

"गिऱ्हाईक आहे मी, साहेब. एक कप द्या."

"मावशी, ऐका जरा."

"पैसे घ्या, आणि कप द्या. मागे लोक खोळंबलेत."

खोळंबले होतेच, आणि कुरकुरायलाही लागले होते. त्याने पैसे घेतले. नव्या कपाला आणखी एक खोड होती: नाव टाकल्याशिवाय त्याची चिप जागी व्हायची नाही. ते नाव कपावर छापून यायचं. त्याचं बोट तिच्या नावाकडे गेलं.

"ते नको," ती म्हणाली. "चोर लिहा."

"मावशी, असं काय करताय?"

"सकाळी दोनदा म्हणवून घेतलंत. आता लिहायला का जड जातंय?"

मागून कोणीतरी ओरडलं, अहो, लिहा काय ते आणि आटपा. मॅनेजरचे कान लाल झाले होते. त्याने ती दोन अक्षरं दाबली. कप बाहेर आला. तिने तो सगळ्यांना दिसेल असा धरून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि यंत्राखाली ठेवला. दाराएवढ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: ‘नमस्कार, चोर. आपलं पेय निवडा.’ रांगेतला एक जण हसला, आणि एकट्यालाच हसू येतंय हे बघून गप्प झाला. तिने पाण्याचं बटण दाबलं.

बाईने गोळी तोंडात टाकली, कप दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी एका दमात प्यायली. श्वास ताळ्यावर आल्यावर तिची नजर कपावर गेली.

"हे कोणाचं नाव?"

"माझं," हवालदारीण म्हणाली. "आज सकाळीच ठेवलंय. बसा, आणखी पाणी आणते. अजून तासभर चालेल."