काड्यांचा धूर

डॉक्टरांनी तपासणीची नळी गळ्यात अडकवली आणि बायकोकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "दिवाळीनंतरचे तीन महिने यांना जळगावात ठेवू नका. मुलगी रत्नागिरीला असते म्हणालात ना? तिकडे पाठवून द्या."

बायको तडक रिक्षात जाऊन बसली. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेली बाई; आपल्याबद्दल आपल्यासमोर तिसऱ्याशी बोललेलं तिला चालत नाही. रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाली, "मी काय लोणचं आहे, कुठे ठेवायला नि कुणाकडे पाठवायला?"

"हवा चांगली आहे तिकडची."

"मग हवेलाच इकडे बोलवा. मी घर सोडणार नाही."

एवढं बोलून तिला धाप लागली आणि पर्समधून दम्याचा पंप काढावा लागला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि रिक्षा धुळीच्या रस्त्यावरून काढून आतल्या गल्लीत घातली.

तिचा दमा जुना नव्हता. निवृत्त होऊन आम्ही शहराच्या कडेला या कॉलनीत घर बांधलं, त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तो सुरू झाला. आमच्याकडे उन्हाळ्याचं कौतुक फार. पारा किती चढला हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. हिवाळ्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो सुखाचा असतो अशी समजूत आहे. खरं म्हणजे दिवाळी झाली की सकाळचा धूर कंपाउंडच्या भिंतीइतक्या उंचीवर येऊन बसतो आणि ऊन चढेपर्यंत उठत नाही. वेचणी संपलेल्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, पेटते, वीटभट्ट्या पेटतात, हायवेवर ट्रक धूळ उडवतात, कुठे कुठे कचरा जळतो. समोरच्या गल्लीतली पाण्याची टाकी कित्येकदा नऊ वाजता दिसायला लागते. लोक त्याला धुकं म्हणतात. धुक्याला शेंगदाण्याच्या टरफलांचा आणि प्लास्टिकचा वास कसा येतो, असं मी एकदा सकाळी बरोबर फिरणाऱ्यांना विचारलं होतं. त्यानंतर मला फिरायला बरोबर घेणं त्या मंडळींनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने एक शंभरपानी वही काढली. पट्टीने रकाने आखले: वार, वेळ, वास कसला, कोणत्या खिडकीतून, कोणी पेटवलं, आणि शेवटी श्वासाचा आकडा. डॉक्टरांनी तिला फुंकायची एक नळी दिली होती. तिच्यात जोराने फुंकलं की काटा सरकतो.

"एवढ्या धुरात तू कोणाकोणाची हजेरी घेणार?" मी म्हणालो.

"जे वर्गात आहेत त्यांची."

पंधरा दिवसांनी वही वाचली. लांबून येणारा धूर रोजचाच होता. त्याने काटा थोडा उतरत होता. पण आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी साडेसातच्या सुमारास तो एकदम खाली येत होता, आणि त्या प्रत्येक दिवसापुढे खिडकी एकच होती: पूर्वेची. पूर्वेला आमच्या कॉलनीचा ओपन स्पेस आहे. कागदावर तिथे बाग आहे. जमिनीवर सहा बदामाची झाडं, दोन कडुनिंब, एक सिमेंटचा बाक आणि बाकावर देणगीदारांची यादी.

"अख्ख्या खान्देशाशी भांडायला आपण पुरणार नाही," बायको म्हणाली. "हा एक धूर मात्र आपला आहे. हा बंद झाला तर मी इथे राहू शकते. नाही झाला तर जाते रत्नागिरीला, तुम्ही म्हणाल तसं."

ती असं म्हणेल ही माझी अपेक्षा नव्हती. तोपर्यंत तिचं न जाणं मी हट्ट समजत होतो. त्या वाक्याने हट्टाचं काम बनलं, आणि काम म्हटल्यावर त्यात मीही आलो.

सकाळी साडेसातला मी ओपन स्पेसवर गेलो. कॉलनीच्या मंडळाने झाडलोटीसाठी एक बाई ठेवली होती. तिने बदामाच्या पानांचा कमरेइतका ढीग केला होता आणि खाली वाकून ती काडी लावत होती. ढिगात दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या.

"अक्का, पेटवू नका. घरात आजारी माणूस आहे."

ती उभी राहिली. तोंडावर पदर घट्ट बांधलेला होता, तो न सोडता म्हणाली, "मंग काय करू, नाना? गाडीवाला पाला लेत नही. आनि आठ वाजता फोटू टाकना पडस."

"कसला फोटो?"

"ग्रुपवर. जागा साफ दिखाले पाहिजे. ढीग दिखना की माले बोलतस." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हीन बी आंगठा देतस ना रोज. मना पोऱ्याने दाखाडं माले."

खरं होतं. कॉलनीच्या ग्रुपवर रोज आठ वाजता स्वच्छ ओपन स्पेसचा फोटो यायचा आणि चहा पिता पिता मी त्याला अंगठा द्यायचो. आत बायको पंप ओढत असायची. फोटो दिसायलाही छान असायचा, एक प्रकारचा मऊ उजेड असायचा त्यात. तो उजेड कशाचा होता ते आता कळत होतं.

"तुम्हाला त्रास होत नाही का याचा?"

"माले बी खोकला येस. पन मना खोकला फोटूमां कोठे दिखस?"

हा नियम मंडळाच्या अध्यक्षांचा होता. अध्यक्ष तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना उद्घाटनं आवडत. त्याच महिन्यात त्यांनी कॉलनीच्या कमानीवर 'प्रदूषणमुक्त परिसर' असा फलक लावला होता, स्वतःच्या नमस्कार करणाऱ्या फोटोसकट, आणि त्याचं अनावरण फटाक्यांची लड लावून केलं होतं. धूर विरल्यावर फलक वाचता आला.

मंडळाच्या बैठकीत मी वही घेऊन गेलो आणि पाला जाळणं थांबवा, असं सांगितलं. शक्य तितकं थोडक्यात सांगितलं, म्हणजे वीस मिनिटं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं.

"नाना, तुमचं सगळं मान्य. पण मग आपल्या भरीत पार्टीचं काय? तिथे तर विस्तवापाशी तुम्हीच असता."

सगळे हसले. मीही हसलो.

"भाऊ, तुलना कशाशी करताय? तो प्लास्टिकचा धूर. हा काड्यांचा."

"म्हणजे काड्यांचा धूर नाकात जात नाही?"

"जातो. पण तो धूर नव्हे. ती चव आहे."

या वाक्याला टाळ्या पडल्या. बायको तिथे नव्हती. पाल्याचं पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं.

आमच्याकडचं भरीत ज्याने खाल्लं नाही त्याला हे समजावून सांगणं कठीण आहे. वांगी हिरवी, नारळाएवढी. ती कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावरच भाजायची. मग साल काढून बडगीत, म्हणजे लाकडी होडीसारख्या भांड्यात, लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वांगं आतून शिजेल आणि करपणार नाही इतपत जाळ ठेवणं ही कला आहे, आणि ती कॉलनीत मला सगळ्यात चांगली येते असं मानलं जात होतं. मीही तसंच मानत होतो. प्रतिष्ठेची मला चीड आहे, फक्त वांगी भाजण्याची सोडून.

रविवारी दुपारी ओपन स्पेसवर पार्टी झाली. काड्यांचे दोन भारे आले होते. त्यातला एक पहाटेच्या दवाने ओलसर होता, तरी मी तो लावला, कारण माणसं जास्त होती आणि वांगी उरली होती. धूर पांढरा, जाड निघाला. वारा पडलेला होता. कोणीतरी म्हणालं, "वास पाहा वास!" मी मान हलवली आणि वांगं फिरवलं.

बायको येणार नव्हतीच. घरी खिडक्या लावून बसली होती. तिच्यासाठी डब्यात भरीत भरून मी घरी गेलो, तर ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकली होती. ओठ निळसर. पंप शेजारी पडला होता, रिकामा. मला बघून तिने एक हात उचलला. तो मला थांबवण्यासाठी होता: माझ्या शर्टाला काड्यांचा वास येत होता.

मी शर्ट काढून बाहेर फेकला आणि बनियनवर शेजारच्यांच्या गाडीत तिला घेऊन दवाखान्यात गेलो. वाफेची मशीन लावली, इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लागला. दोन तास मी बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर बागेचं चित्र होतं. त्या दोन तासांत मी स्वतःला काय काय म्हणालो ते लिहिण्यात अर्थ नाही. ते सगळं खरं होतं आणि उशिराचं होतं.

मास्क काढल्यावर ती हळू म्हणाली, "वांगी कशी झाली?"

"चुकलं माझं."

"ते झालंच. वही आणली?"

"वही? नाही."

"घरी गेल्यावर लिहा. रविवार, दुपारी दीड. वास: काड्यांचा. खिडकी पूर्वेची, बंद असूनही." थांबून तिने दोन श्वास घेतले. "कोणी पेटवलं, त्या रकान्यात तुमचं नाव घाला. पूर्ण नाव."

मी लिहिलं. मग बैठकीची वाट न बघता त्या पानाचा फोटो काढला आणि सकाळी बरोबर आठ वाजता ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: मी चुकीचं बोललो होतो, तो धूरच आहे. त्याला दुपारपर्यंत कोणी अंगठा दिला नाही. दुपारी कोपऱ्यावरच्या आजोबांनी दिला. त्यांच्या घरी ऑक्सिजनचं नळकांडं आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग एका आईने लिहिलं की तिचा लहान मुलगा दर हिवाळ्यात रात्रभर खोकतो. संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. बायकोची विचारपूस केली, चहा घेतला, वही मागून घेऊन बराच वेळ वाचली.

"वहिनी, यात माझंही नाव आहे."

"आहे. फटाके. साडेपाच वाजता."

"पाल्याचं करायचं तरी काय? तुम्हीच सांगा."

"खड्डा," बायको म्हणाली. "दोन. एक भरला की दुसरा, तोवर पहिल्याचं खत. आणि ती बाई आठ वाजता ढिगाचा फोटो टाकेल. ढीग दिसला म्हणजे काम झालं असं समजायचं."

खड्डे ओपन स्पेसच्या मागच्या कोपऱ्यात खणले. जागा मुरमाड होती. पहिल्या दिवशी आम्ही पाच निवृत्त माणसं मिळून गुडघ्याइतकं खोल गेलो आणि दुसऱ्या दिवशी मजूर बोलावला. झाडणाऱ्या बाईने खड्ड्यात डोकावून म्हटलं, "इतलासा मां बठ्ठा पाला कसा माई?" पण सगळा मावला. दाबला की बसतो. प्लास्टिक वेगळं काढायचं काम आम्ही घराघरांत वाटून घेतलं, आणि दोन घरं ते अजून करत नाहीत. उद्घाटन झालं नाही. अध्यक्षांनी एकदा विषय काढला होता. बायकोने वही पुढे केली.

भरिताचा प्रश्न जास्त अवघड निघाला. कोणी म्हणालं शेतात जाऊन करू. बायकोने विचारलं, त्या शेताशेजारी राहणाऱ्यांना फुप्फुसं नसतात का? शेवटी या वर्षी, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात, वांगी घरोघरी गॅसवर भाजली आणि बडगीत एकत्र ठेचली. खरं सांगायचं तर ती मजा आली नाही. जिभेला काहीतरी कमी आहे हे प्रत्येकाला कळलं, आणि तसं प्रत्येकाने मला येऊन सांगितलं. मी बडगीपाशी उभा होतो. माझं काम आता ठेचण्याचं. हात दुखले. बायको सिमेंटच्या बाकावर, देणगीदारांच्या यादीला टेकून बसली होती आणि भाकरी मोडत होती.

पूर्वेची खिडकी आता सकाळी उघडी असते. बाकीचा धूर आहेच. भट्ट्या पेटतात, पऱ्हाटी जळते, टाकी नऊलाच दिसते, काटा वाईट दिवशी उतरतो. काड्या न जाळता यंत्राने बारीक करून रानातच गाडतात असं ऐकून बायकोने पारोळ्याकडे शेती असलेल्या भावाला फोन लावला. त्याने टाळलं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. हल्ली तो फोन उचलल्या उचलल्या म्हणतो, "ताई, यंत्राचं बघतोय."

डॉक्टरांनी परवा वही पाहिली. या वेळी ते तिच्याशी बोलले. म्हणाले, असंच राहिलं तर पाठवायची, म्हणजे जायची, गरज नाही. पण पंप दोन ठेवा आणि हयगय करू नका.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. डॉक्टर काय म्हणाले ते तिला माहीत नव्हतं.

"आई, तुझं तिकीट काढतेय. पुढच्या आठवड्यातलं चालेल?"

"काढ ना. पण रत्नागिरीहून जळगावचं काढ. तुझं."

"आई, तिथला धूर..."

"आहे. मास्क घेऊन ये," बायको म्हणाली. "आणि काम करायचे कपडे आण. दुसरा खड्डा उपसायचाय."